डाळिंबाचा पहिला आंबे बहार आणि फुलोऱ्याचे दिवस

डाळिंबाचा पहिला बहार, म्हणजे ठरवून आणलेला फुलोरा, धरणाऱ्याला सर्वांत जास्त घाबरवते ती फुलगळ. महिना-दीड महिना पाणी तोडून ताण देऊन, पाने गाळून, खते घालून ज्या फुलांची वाट पाहिलेली असते, ती उमलल्यावर तीन-चार दिवसांत झाडाखाली पडू लागली की बाग हातची गेली असे वाटते. नेमक्या त्याच दोन-तीन आठवड्यांत ज्याला विचारावे तो वेगळे औषध सुचवतो. सांगोला तालुक्यातील आमच्या दोन एकर बागेचा पहिला आंबे बहार या ऑगस्टमध्ये पूर्ण झाला. फुलोऱ्याच्या काळात कोणीतरी सविस्तर आणि क्रमवार सांगायला हवे होते असे मला वाटत राहिले, ते सारे पुढच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. फुलांची निगा फुले दिसल्यावर सुरू होत नाही, ती नोव्हेंबरातील ताणापासून सुरू होते, ही या हंगामात मला सर्वांत पक्की समजलेली गोष्ट आहे. म्हणून सुरुवातही तेथूनच करते.

बाग आमच्या सासऱ्यांनी लावलेली आहे. आबांनी, घरात सगळे त्यांना आबाच म्हणतात, पूर्वी गणेश जातीची झाडे सांभाळली होती. ती तेल्या (तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) आणि मर (झाड वाळवणारा रोग) यांनी गेल्यावर त्या रानात बरीच वर्षे ज्वारी आणि मका होत असे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा धीर करून भगव्याची गुटी कलमे (फांदीलाच मुळे फोडून केलेली रोपे) १५ बाय १० फुटांवर लावली, म्हणजे एकरी साधारण २९० झाडे बसली. भगवा ही जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसारित केली आणि आज आमच्या भागातील बहुतेक बागा तिच्याच आहेत. आबांना आता गुडघ्यांमुळे बागेत फार वेळ उभे राहवत नाही आणि यजमान पुण्यात नोकरीला आहेत, त्यामुळे पहिला बहार माझ्याकडे आला.

आपल्याकडच्या हवेत डाळिंबाचे झाड मोकळे सोडले तर त्याला थोडी थोडी फुले वर्षभर येत राहतात आणि माल कधीच एकदम हाती लागत नाही. म्हणून पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची आणि ठरवलेल्या वेळी ते फुलवायचे, यालाच बहार धरणे म्हणतात. जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे, असे तीन बहार आहेत. आम्ही आंबे बहार निवडला, कारण पाऊस संपल्यामुळे हिवाळ्यात ताण नीट बसतो आणि फुलोरा कोरड्या हवेत येतो, त्यामुळे फुलांच्या वेळी तेल्याची भीती कमी राहते. याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये फळ पोसायला पाणी लागते, आणि ते विहिरीत असेल याची खात्री असल्याशिवाय हा बहार धरू नये. आमच्या विहिरीबरोबर शेततळेही होते, म्हणून हे धाडस केले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पाणी तोडण्याआधी, माती आणि पाणी दोन्ही तपासायला दिले. मातीचा नमुना दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेतून घेऊ नये. जेथे ठिबकचे पाणी पडते आणि पांढरी मुळी असते त्या पट्ट्यातून एक फूट खोलीपर्यंतची माती घ्यावी, असे कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी सांगितले. दोन्ही तपासण्यांना मिळून सातशे-आठशे रुपये लागले आणि अहवाल यायला दोन आठवडे गेले. जमीन मुरमाड, चुनखडीचे प्रमाण बऱ्यापैकी, जस्त आणि बोरॉन कमी, असा निष्कर्ष आला. हा कागद पुढे फुलोऱ्यात फार उपयोगी पडला, कारण बोरॉनच्या कमतरतेचा फुलांच्या फलनाशी थेट संबंध आहे आणि ती कमतरता फुले उमलल्यावर घाईने भरून काढता येत नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला ठिबक बंद केले. हलक्या जमिनीत ताण महिनाभरात बसतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागू शकतात. म्हणून शेजाऱ्याने किती दिवस पाणी तोडले यावर आपला हिशेब बांधू नये, झाडाकडे पाहावे. दुपारी पाने मलूल होतात, मग खालची पाने पिवळी पडू लागतात, आणि निम्म्याच्या आसपास पाने पिवळी झाली की ताण पुरेसा झाला असे समजतात. ही वाट पाहणे मनाला जड जाते. तीन वर्षे पाणी घालून वाढवलेले झाड डोळ्यांदेखत सुकताना पाहून माझा हात कितीदा तरी मोटारीच्या स्टार्टरकडे गेला. आबा ओट्यावर बसून एवढेच म्हणायचे, “सूनबाई, आत्ता दया दाखवशील तर पानं येतील, फुलं येणार नाहीत.”

आबांच्या म्हणण्यामागचे कारण तज्ज्ञांकडून नीट समजून घेतले. ताणाच्या काळात झाडाची शेंड्याची वाढ थांबते आणि पानांनी तयार केलेले अन्न काडीत साठत जाते. हा साठा चांगला असेल तर पुढे येणाऱ्या फुलांत फळ धरू शकणाऱ्या फुलांचे प्रमाण वाढते; काडी बारीक आणि उपाशी असेल किंवा नत्र जास्त होऊन झाड माजलेले असेल तर नर फुले जास्त येतात. पेन्सिलीच्या जाडीच्या, पक्व काडीवरची फुले सर्वांत भरवशाची, हा अनुभव मलाही आला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हलकी छाटणी केली. शेंड्याकडची बारीक टोके, आत वाढलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आणि बुंध्यातून आलेले पाणफुटवे काढले. छाटणीची मजुरी झाडामागे दहा रुपये पडली. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवण्याचा आग्रह मी धरला, कारण तेल्याचा जिवाणू हत्यारांवरून एका झाडाचा दुसऱ्या झाडाला लागतो. यामुळे काम निम्म्या वेगाने झाले, तरी ही काटकसर करण्याची जागा नव्हे. छाटणीनंतर लगेच १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी केली, म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना.

पुढची पायरी पानगळीची. त्यासाठी ३९ टक्के इथेफॉन (पाने गाळणारे संजीवक) लिटरला दोन मिली आणि त्यासोबत डीएपी हे नत्र-स्फुरदाचे खत लिटरला पाच ग्रॅम, असे द्रावण फवारले. इथेफॉनची मात्रा पाने किती पिवळी झाली आहेत यावर ठरते आणि ती एक ते अडीच मिलीच्या दरम्यान असते. ताण नीट बसलेला नसताना केवळ मात्रा वाढवून पाने झाडली तर शेंडे वाळतात, त्यामुळे हा आकडा तज्ज्ञांना झाडांचे फोटो दाखवून ठरवणे सुरक्षित आहे. आठवडाभरात बाग उघडी झाली. पडलेली पाने झाडून बागेबाहेर नेली, भरखते घातली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ठिबक सुरू केले. भरखतात झाडाला वीस किलो चांगले कुजलेले शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अहवालाप्रमाणे स्फुरद, पालाश व सूक्ष्म अन्नद्रव्ये होती. शेणखताच्या ट्रॉलीला साडेचार हजार रुपये पडले. पहिले पाणी जमीन खोलवर ओली होईल असे दिले, पण त्यानंतर रोज भरपूर पाणी सोडण्याचा मोह टाळला, कारण ताण सुटल्याबरोबर पाणी आणि नत्र दोन्ही मुबलक मिळाले की झाड पालवीत रमते.

याच गडबडीत पीक विम्याची मुदत असते आणि तिचा फुलोऱ्याशी जवळचा संबंध असल्याने येथे थोडे सविस्तर लिहिते. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत डाळिंबाच्या आंबे बहारासाठी अर्ज करण्याची शेवटची तारीख १४ जानेवारी असते. एका क्षेत्रावर वर्षातून एकाच बहारासाठी विमा घेता येतो, त्यामुळे मृग की आंबे हे आधी ठरवावे लागते. आधार, सातबारा, बँकेचे पासबुक, बहाराचे स्वयंघोषणापत्र, शेतकरी ओळख क्रमांक आणि बागेचा अक्षांश-रेखांश दाखवणारा फोटो, एवढी कागदपत्रे लागली. सातबाऱ्यावर डाळिंबाची नोंद असावी म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पिकाची नोंद, आधीच करून घ्यावी; तेथे केलेल्या नोंदीत चूक राहिली तर ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्ती करता येते, त्यानंतर तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

माझा विम्याचा अर्ज, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रात अडला तो फोटोवर. पानगळीनंतरच्या उघड्या झाडांचा फोटो पाहून केंद्रचालकाला बाग वाळलेली वाटली आणि त्यांनी दुसरा फोटो मागितला. नवी पालवी दिसू लागल्यावर पुन्हा फोटो काढून नेला, तर मुदतीचे शेवटचे दिवस असल्यामुळे संकेतस्थळ संथ झाले होते आणि सकाळी गेलेली मी दुपारनंतर पावती घेऊन घरी आले. पानगळीच्या आधी, झाडे हिरवी असताना एक फोटो काढून ठेवावा, म्हणजे ही फेरी वाचते. शेतकऱ्याचा हिस्सा मुळात विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के असतो, पण एकूण हप्त्याचा दर ३५ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या भारातील काही वाटा शेतकऱ्यावर येतो, म्हणून दर वर्षी आपल्या जिल्ह्याचा आकडा पाहूनच पैसे बरोबर न्यावेत. गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक असून त्याचा हप्ता वेगळा आहे. मी तो भरला, कारण फेब्रुवारी-मार्चमधील गार फुलांवरच पडते. गारपीट झाल्यास ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते, त्यासाठीचा फोन क्रमांक घरात सर्वांच्या फोनमध्ये ठेवून दिला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पालवी फुटली आणि महिना संपता संपता पहिल्या कळ्या दिसल्या. सुरुवातीला काडीच्या टोकाशी किंवा छोट्या फुटव्यावर पानांच्या बेचक्यात मोहरीएवढी तांबूस गाठ येते आणि ती पानाची आहे की कळीची हे दोन दिवस समजत नाही. मग ती गोल होते, चकाकते, गडद केशरी-लाल होते. कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. एका ठिकाणी कधी एकच कळी असते, कधी चार-पाचांचा झुबका असतो; झुबक्यातील टोकाची कळी बहुधा सर्वांत मोठी असते आणि तीच आधी उमलते.

डाळिंबाचे फूल मी लहानपणापासून माहेरच्या परसात पाहत आले होते, पण इतक्या जवळून ते या फेब्रुवारीतच पाहिले. बाहेरचे आवरण जाड, मांसल, मेणासारखे चकचकीत असते आणि पाच ते आठ त्रिकोणी टोकांनी उघडते; हेच आवरण पुढे फळाच्या टोकावर मुकुट म्हणून शेवटपर्यंत टिकते. आतील पाकळ्या मात्र अगदी पातळ आणि चुरगळलेल्या असतात, उमलल्यावरही त्यांच्या सुरकुत्या जात नाहीत. त्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांच्या पुंकेसरांची दाट गर्दी असते आणि तिच्यातून स्त्रीकेसराचे टोक वर आलेले दिसते किंवा दिसत नाही. दिसते की नाही, यावरच सगळे अवलंबून आहे.

आमच्याकडे शेतकरी नर कळी आणि मादी कळी असे म्हणतात. जिला मादी म्हणतात ते फूल खरे तर द्विलिंगी असते, त्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्याचे बूड रुंद आणि फुगीर असते, मधे किंचित आवळून पुढे ते सुरईच्या आकाराने वर जाते. आत स्त्रीकेसर लांब असून त्याचे टोक पुंकेसरांच्या बरोबरीने किंवा थोडे वर असते. नर फूल घंटाकृती असते, बुडाकडे निमुळते होत देठात मिसळते. उभे कापून पाहिले तर स्त्रीकेसर खुरटलेले आणि बीजांडकोश न वाढलेला दिसतो. या दोहोंच्या मधले, जेमतेम बूड असलेले असे तिसरे फूलही असते. त्यातील थोडी फळे धरतात, पण ती बऱ्याचदा वेडीवाकडी होतात. कळी हरभऱ्याहून मोठी झाली की बोटांनी बूड चाचपून नर-मादी ओळखता येते, आणि हा सराव प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा. तज्ज्ञांनी मला मूठभर फुले ब्लेडने उभी चिरायला लावली. त्या अर्ध्या तासात जे समजले ते ऐकून समजले नसते.

पहिली लाट फेब्रुवारीच्या मध्यावर उमलली आणि तिच्यात बहुतेक फुले नर निघाली. तीन-चार दिवसांत ती गळू लागली. सकाळी बागेत गेले की ठिबकच्या नळ्या फुलांखाली दिसेनाशा झालेल्या असत. मी रात्री नीट झोपले नाही, हे लिहायला संकोच वाटत नाही, कारण बागेत पैसा, वेळ आणि आबांची आशा तिन्ही गुंतलेली होती. दुकानात गेले तर फुलगळ थांबवणारी म्हणून अनेक महागड्या बाटल्या समोर आल्या. त्या घेण्याआधी मी गळालेली फुले टोपलीत भरून आणली आणि अंगणात बसून त्यांची बुडे पाहिली. जवळजवळ सगळी घंटाकृती होती. जी फुले फळ धरूच शकत नाहीत, ती गळण्याला आजार म्हणता येत नाही आणि कोणतेही औषध त्यांना थांबवू शकत नाही. डाळिंबात निम्म्याहून अधिक फुले नर असणे सर्वसामान्य आहे, आणि त्यांचे परागही वाया जात नाहीत, मधमाश्या ते द्विलिंगी फुलांपर्यंत नेतात.

काळजी करण्यासारखी गळ वेगळी असते. टोपलीत सुरईच्या आकाराची फुले वाढू लागली, किंवा न उमललेल्या कळ्या देठापासून पिवळ्या पडून गळू लागल्या, तर कारण शोधावे. पाण्यातील चढ-उतार, नत्राचा अतिरेक, फुलकिडे, परागीकरणाचा अभाव आणि एकदम वाढलेले ऊन ही नेहमीची कारणे होत. म्हणून मी बागेच्या वेगवेगळ्या भागांतील काही झाडांना रिबन बांधून रोज त्यांच्याखालची फुले निवडून पाहण्याचा शिरस्ता ठेवला. बाकी बाग पाहून मन घाबरते, पण रिबनच्या झाडांची वही पाहिली की खरे काय चालले आहे ते समजते.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसरी लाट आली आणि तिच्यात रुंद बुडाच्या कळ्या भरपूर होत्या. सुमारे दहा टक्के फुले उमलली तेव्हा मधमाश्यांच्या चार पेट्या आणल्या. एका पेटीचे महिन्याचे भाडे दोन हजार रुपये. पेट्या सावलीत, जमिनीपासून उंचावर, पायांना पाण्याच्या वाट्या लावून ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि जवळच उथळ भांड्यात खडे टाकून पाणी ठेवले. बागेच्या बांधावर फुलोरी माश्यांची पोळी होती, ती कोणाला काढू दिली नाहीत. पेट्या असेपर्यंत फवारणीचा नियम कडक ठेवला: अगदी आवश्यक असेल तरच, सूर्यास्तानंतर, पेट्यांची दारे बंद करून, आणि पेटीवाल्या भाऊंना आदल्या दिवशी फोन करून. बोर्डो आणि गंधकाच्या फवारण्या फुले उमलल्यापासून पूर्ण बंद ठेवल्या.

फुलकिडे मात्र आले. ते पाकळ्यांच्या सुरकुत्यांत लपतात आणि सहज दिसत नाहीत. फूल पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा झटकले की बारीक, लांबट, पिवळसर किडे धावताना दिसतात. फुलात त्यांनी खरवडलेला बीजांडकोशाचा पृष्ठभाग पुढे फळावर खरबरीत डाग होऊन राहतो आणि बाजारात तो माल मागे पडतो. निळे चिकट सापळे लावले, निंबोळी अर्क दोनदा फवारला, आणि एकदा रासायनिक कीटकनाशक वापरावे लागले. त्याच्या लेबलवर डाळिंबाचे आणि फुलकिड्यांचे नाव आहे का, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचे नाही) किती आहे, हे वाचूनच ते घेतले. बिलही पक्के घेतले, कारण पुढे निर्यातीसाठी अनारनेट या डाळिंब बागांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी करायची झाली तर फवारणीच्या नोंदी लागतात. फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचे फुलपाखरू फुलावर आणि कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते, म्हणून छिद्र दिसलेली प्रत्येक कळी तोडून मातीत खोल पुरली.

पाणी या काळात सर्वांत नाजूक विषय ठरला. आमच्या मुरमाड जमिनीत झाडाला रोज दहा-बारा लिटर पुरत होते. ते एकदम न देता सकाळ-संध्याकाळ विभागून दिले. वीज रात्री असेल तर शेततळ्याच्या पाण्यावर दिवसा सायफनने का होईना, पण खंड पडू दिला नाही. नत्राची खते थांबवून ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचे विद्राव्य खत ठिबकमधून थोडे थोडे सोडले आणि बोरॉन व कॅल्शियमच्या फवारण्या कळी अवस्थेतच उरकल्या. दुसऱ्या लाटेच्या वेळी तज्ज्ञांच्या सल्ल्याने ४.५ टक्के एनएए हे संजीवक १०० लिटर पाण्याला २२ मिली, म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), एकदाच फवारले. याची मात्रा डोळ्यांच्या अंदाजाने कधीही घेऊ नये. मेडिकलमधून सुईविना सिरिंज आणून मोजावी, कारण जास्त झाले तर परिणाम उलटा होतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस ढग आले आणि शिंतोडे पडले. माश्या पेटीबाहेर आल्या नाहीत, उमललेल्या फुलांच्या पाकळ्या भिजून चिकटल्या. त्या दोन दिवसांत काहीही फवारू नये, असा निरोप तज्ज्ञांकडून आला आणि मी तो पाळला. ऊन पडल्यावर फांद्या हलक्या हाताने हलवून पाणी झाडले, कुजलेल्या पाकळ्या वेचल्या, आणि पुढच्या उमलत्या फुलांनी ती तूट भरून काढली. विम्याची भरपाई मिळाली नाही, कारण पावसासाठीची भरपाई आपल्या रानात काय घडले यावर ठरत नाही, तर महसूल मंडळाच्या संदर्भ हवामान केंद्रावरील पाऊस आणि तापमानाच्या नोंदी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या का यावर ठरते. ही योजना समजून घेताना हे आधीच माहीत असलेले बरे, म्हणजे पंचनाम्याची वाट पाहण्यात दिवस जात नाहीत.

फळ धरले हे ओळखण्याची खूण साधी आहे. पाकळ्या गळतात, पण देठ घट्ट राहतो, आठवडाभरात बूड फुगू लागते आणि लाल रंग उतरून हिरवट-तपकिरी छटा येते. मार्च संपेपर्यंत बहुतेक झाडांवर पुरेशी सेटिंग, म्हणजे फळधारणा, झाली. मग विरळणीचा, म्हणजे जादा फळे-फुले काढून टाकण्याचा, प्रश्न आला आणि तो फुलगळीइतकाच मनाला लागला, कारण जी फुले वाचावीत म्हणून महिनाभर धडपड केली, तीच आता हाताने काढायची होती. पहिल्या बहाराच्या झाडावर तीस ते चाळीस फळे ठेवायची असे ठरवले. झुबक्यात एकच, रुंद बुडाचे, सरळ फळ ठेवले. एकमेकांना टेकलेली फळे वेगळी केली, कारण सुरसा अळी त्या सांध्यातूनच शिरते. एप्रिलमध्ये आलेली तिसऱ्या लाटेची सर्व फुले काढली, नाहीतर काढणीच्या वेळी झाडावर पक्व आणि कच्चा माल एकत्र राहतो. फळ लिंबाएवढे झाल्यावर मुकुटात अडकलेले वाळके पुंकेसर बायकांकडून मऊ ब्रशने झाडून घेतले, कारण पिठ्या ढेकूण तेथेच आसरा घेतात. या कामाला मजुरी दिवसाला साडेतीनशे रुपये होती आणि ते वेळखाऊ आहे, तरी त्याचा फायदा काढणीत स्पष्ट दिसला.

फुलोरा संपेपर्यंत दोन एकरांवर सव्वा लाखाच्या आतबाहेर खर्च झाला. पुढचा उन्हाळा क्रॉप कव्हर (झाडांवरचे कापडी आच्छादन), पाणी आणि पावसाळ्याच्या तोंडावर तेल्याची धास्ती यांत गेला. तो स्वतंत्र विषय आहे. भगव्याला फुलापासून काढणीपर्यंत जवळजवळ सहा महिने लागतात, त्याप्रमाणे माल ऑगस्टमध्ये निघाला आणि झाडामागे सरासरी आठ-नऊ किलो मिळाला. दुसऱ्या लाटेतील पक्व काडीवरची फळे वजनाला आणि रंगाला सर्वांत सरस निघाली, आणि रिबनच्या झाडांची वही शेजारी ठेवून मी ते पडताळूनही पाहिले.

सध्या बागेला विश्रांती आहे. छाटणीनंतर खोडांना गेरू आणि औषधाचा लेप दिला आहे, शेणखत आणून झाकून कुजवत ठेवले आहे आणि पाणी गरजेपुरते चालू आहे. मातीचा नमुना ऑक्टोबरच्या शेवटी द्यायचा, हिरव्या बागेचा फोटो त्याच दिवशी काढायचा, विम्याचे संकेतस्थळ सुरू होताच अर्ज भरायचा आणि नोव्हेंबरच्या मध्याला पाणी तोडायचे, असे यंदाचे ठरले आहे. पेटीवाल्या भाऊंना फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी आत्ताच सांगून ठेवले आहे, कारण त्या दिवसांत सगळ्या तालुक्याला पेट्या एकदम लागतात. ज्यांचा पहिलाच बहार आहे त्यांनी फुलोरा येण्याआधी आमच्या बागेत येऊन फुले चिरून पाहावीत. टोपली आणि ब्लेड तयार ठेवीन.